गणपती ते दिवाळी: शुगरबरोबर मनही सांभाळायचं असतं, तुम्ही कसं सांभाळता?

मोगरा_नौपाडा

नमस्कार मंडळी. मी ठाण्याची, नौपाड्यात राहते. टाइप २ डायबेटिस आहे, सध्या गोळ्यांवर आहे. धागा काढतेय तो पाककृतींसाठी नाही. काय खावं, काय टाळावं याचा डॉक्टरांनी दिलेला कागद फ्रिजवर लावलेला आहे आणि मला तोंडपाठ आहे. मला बोलायचंय ते मनाबद्दल.

आमच्याकडे गौरी-गणपती असतात. तेव्हापासून घरात माणसांचा जो राबता सुरू होतो तो भाऊबीज झाल्यावरच थांबतो. या दोन महिन्यांत घरातल्या प्रत्येकाला माझ्या ताटाबद्दल मत असतं. पंगतीत एक मामी म्हणतात, "अगं प्रसादाचा मोदक आहे, एकाने काय होतंय? देवाला नाही म्हणू नये." तेवढ्यात समोरून आतेसासूबाई ओरडतात, "तिला वाढू नका हं, तिला चालत नाही!" दोघीही मायेनेच बोलतात, मला ठाऊक आहे. पण त्या क्षणी अख्खी पंगत माझ्या ताटाकडे बघत असते आणि घास घशाखाली उतरत नाही.

नवरात्र येईपर्यंत मी पार थकलेली असते. शरीराने नाही, या सगळ्याने. मीटर हातात घ्यावंसं वाटत नाही. आकडा चांगला आला तर कोणी बघत नाही, वाईट आला तर "काय खाल्लंस?" हा एकच प्रश्न. त्यात घरचा सगळा फराळ मीच करते. भाजणीच्या चकलीचा खमंग वास, पाकाची तार बघणं, सारणाची चव घेणं, हे सगळं करायचं आणि मन मारायचं.

तुमच्यापैकी किती जणांना असं होतं? आणि काय करता?

सीवूड्स_पहाटफेरी

ताई, अगदी मनातलं लिहिलंत. मलाही टाइप २ आहे. बायको आणि मी दोघं मिळून सांभाळतो.

मला एका गोष्टीने बराच आधार मिळाला, म्हणून आधी ती सांगतो. आपण एकटे नाही. २०२३ मध्ये आयसीएमआर-इंडियाब या मधुमेहाच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष आले, त्यात देशात मधुमेह असलेल्यांचा अंदाज १०.१ कोटींचा होता, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेले १३.६ कोटी वेगळे. म्हणजे तुमच्या त्या पंगतीत तुमच्यासारखेच आणखी दोघं-तिघं बसलेले असणार. त्यातले काही बोलत नाहीत, काहींना अजून माहीतच नाही.

दुसरं, आकड्यांबद्दल. मागच्या दिवाळीत घरी रव्याचे लाडू वळणं चाललं होतं. बायको म्हणाली, दोन तास झालेत जेवून, मोजून टाका. मीही लाडू वळत होतो, तसाच उठलो, फडक्याला हात पुसले आणि बोट टोचलं. मीटरवर ३१८! दोघंही हादरलो. मग तिनेच माझी बोटं बघितली, नखांच्या कडेला पिठीसाखर तशीच. साबणाने हात धुऊन, नीट कोरडे करून दुसऱ्या बोटाला टोचलं तर १६२. बोटावरची साखरच रक्ताच्या थेंबात गेली होती. फराळाच्या दिवसांत, किंवा फळं चिरल्यावर, हात धुतल्याशिवाय मोजू नका. सॅनिटायझर पुरत नाही, साबण आणि पाणीच हवं. अशा खोट्या आकड्याने दिवसभराचा जीव टांगणीला लागतो.

एरवी बहुतेकांना जेवणाआधी ८० ते १३० आणि जेवण सुरू केल्यापासून दोन तासांनी १८० च्या आत असं सांगितलेलं असतं. वयस्कर लोकांना डॉक्टर थोडी सूट देतात. मी हा आकडा हवामानखात्याच्या अंदाजासारखा बघतो. पाऊस आहे म्हटल्यावर आपण छत्री घेतो, ढगांना कोणी शिव्या देत बसत नाही.

राममारुती_रोड

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. सण वर्षातून एकदा येतो. माझ्या वडिलांना पंचवीसेक वर्षं शुगर होती. घरात आम्ही पूर्ण बंदी केली होती. डबे वरच्या फळीवर, कपाटाला कुलूप. ते संध्याकाळी "फिरून येतो" म्हणून निघायचे आणि मिठाईच्या दुकानात उभ्या उभ्या चार पेढे खाऊन घरी यायचे. आम्हाला दुकानदाराकडून कळलं. म्हणून म्हणतो, सणाला माणसाला मोकळेपणाने खाऊ द्या. बंदीने काही साधत नाही.

ऐरोलीची_आई

@राममारुती_रोड, बंदीबद्दल पूर्ण अनुमोदन. पण "वर्षातून एकदा" हे पटत नाही. मोजून बघा: गौरीचं जेवण, अनंत चतुर्दशी, दसऱ्याचं श्रीखंड, कोजागिरीचं मसाला दूध, मग दिवाळीचे सगळे दिवस, मध्ये वाढदिवस आणि ऑफिसातले डबे, पुढे लग्नसराई आणि तिळगूळ. हा एक दिवस नाही, हा अर्ध्या वर्षाचा काळ आहे.

माझ्या मुलीला टाइप १ आहे. सहावीत आहे. आमच्या सोसायटीत दिवाळीच्या कार्यक्रमाला एक काकू सगळ्यांसमोर म्हणाल्या, "इतक्या लहान वयात? फार गोड खायची का?" मुलगी माझ्या ओढणीमागे गेली. या धाग्यावर जे कोणी वाचत असतील त्यांना कळकळीने सांगते, टाइप १ गोड खाल्ल्याने होत नाही. शरीराची स्वतःचीच प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते. यात मुलाचा किंवा आईबापाचा काहीही दोष नसतो. १९२२ च्या जानेवारीत माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं, त्याआधी ही मुलं जगतच नसत. आज माझी लेक ट्रान्स-हार्बर लोकलने आजीकडे ठाण्याला जाते, नाचते, भांडते. तेवढं बघा ना तिच्याकडे.

आम्ही करंज्या एकाच मापाच्या साच्यात करतो. एका करंजीत कर्बोदकं किती हे आहारतज्ज्ञांकडून काढून घेतलंय, त्यामुळे तिचा डोस हिशोबाने ठरतो. गेल्या भाऊबीजेला मी नेहमीप्रमाणे म्हणायला गेले, "तिला गोड नको." तर तिने माझा हात धरला. म्हणाली, "आई, नको असं सांगू नकोस. मी आत्ता इंजेक्शन घेतेय, पाच मिनिटं थांबा, असं सांग." तेव्हापासून आमच्याकडे तेच वाक्य चालतं. सगळी भावंडं तिच्यासाठी पाच मिनिटं थांबतात.

आणखी एक. खरेदीला जाताना इन्सुलिन पेन गाडीत ठेवून जाऊ नका. ऑक्टोबरच्या उन्हात बंद गाडीत इन्सुलिन खराब होतं. घरीसुद्धा फ्रिजच्या दारात नाही तर मधल्या कप्प्यात, बर्फाच्या कप्प्यापासून लांब.

परिचारिका_कळवा

मी नर्स आहे, मधुमेहाच्या पेशंटबरोबर रोजचं काम. मोगराताईंनी लिहिलेल्या थकव्याबद्दल आधी बोलते, कारण ओपीडीत तो आम्हाला रोज दिसतो आणि कागदावर कुठेच लिहिला जात नाही.

शुगर रोज सांभाळण्याचा एक स्वतंत्र ताण असतो. पथ्य, सुया, खर्च, लोकांचं बोलणं, "आपल्यामुळे घरच्यांना त्रास" ही टोचणी. १९९५ मध्ये बोस्टनच्या जोस्लिन सेंटरमधल्या संशोधकांनी तो मोजायला २० प्रश्नांची प्रश्नावली तयार केली, ती आजही वापरतात. हा ताण म्हणजे नैराश्य नव्हे. मीटरचा कंटाळा आलाय पण नातवंडं आली की जीव रमतो, गाणं ऐकावंसं वाटतं, तर तो बहुधा मधुमेहाचा शीण असतो. तो बोलण्याने, उपचार थोडे सोपे करून घेण्याने, घरच्यांनी सूर बदलल्याने कमी होतो. पण दोन आठवडे रोजच उदास वाटतंय, कशातच रस नाही, झोप उडालीय किंवा झोपेतून उठवतच नाही, जगण्यात अर्थ नाही असं मनात येतंय, तर ते नैराश्य असू शकतं आणि त्याला उपचार आहेत. मधुमेह असलेल्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या दोन ते तीन पट असतं. तेव्हा यात लाजण्यासारखं काही नाही.

आपल्या ठाण्यात आयपीएच ही संस्था १९९० पासून मानसिक आरोग्याचं काम करतेय, डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली. आणि केंद्र सरकारची टेली-मानस हेल्पलाइन आहे, १४४१६. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. नंबर फोनमध्ये आत्ताच सेव्ह करा. जिवाचं बरंवाईट करून घ्यायचे विचार येत असतील तर थांबू नका, लगेच फोन करा आणि घरातल्या एकाला तरी सांगा.

ताणाचा शुगरशी थेट संबंध आहे. भांडण झालं, जागरण झालं, पाहुण्यांच्या धावपळीत जीव मेटाकुटीला आला की शरीर कॉर्टिसोल आणि ॲड्रेनलिन सोडतं आणि यकृत साठवलेली साखर रक्तात ओततं. म्हणून काही न खाताही सकाळी १८० येऊ शकते. "काय खाल्लंस?" विचारणाऱ्या घरच्यांनी हे जरूर वाचावं.

आता नवरात्र. नऊ दिवस उपास करणारे पेशंट दरवर्षी येतात. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेऊन दिवसभर पोट रिकामं ठेवलं तर शुगर धाडकन उतरते. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या घेणाऱ्यांनी निर्जळी उपास तर करूच नये. अंगातलं पाणी कमी होतं आणि शुगर फार वाढलेली नसतानाही रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) वाढून माणूस गंभीर होऊ शकतो. उपासाआधी आठ दिवस डॉक्टरांना भेटा, ते डोस बदलून देतात. आपल्या मनाने गोळी सोडू नका. आणि साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे, "उपासाचा" आहे म्हणून हलका नाही. त्यापेक्षा राजगिरा, दाण्याची आमटी, दही, काकडी बरी.

शुगर ७० च्या खाली गेली, म्हणजे घाम, थरथर, धडधड, एकदम चिडचिड, तर तीन छोटे चमचे ग्लुकोज पावडर पाण्यातून घ्या, १५ मिनिटांनी परत मोजा, नाही वाढली तर पुन्हा घ्या. मग काहीतरी खा. वोग्लिबोज किंवा अकार्बोज घेणाऱ्यांनी लक्षात ठेवा, तुम्हाला साखर किंवा पेढा पटकन उपयोगी पडत नाही, कारण ही गोळी साखर पचणंच लांबवते. ग्लुकोजच हवं. आणि माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

शेवटचं, पाय. टेंभी नाक्याच्या देवीला अनवाणी जाणारे, नऊ दिवस चप्पल सोडणारे आपल्याकडे कितीतरी आहेत. मधुमेहात पायाची संवेदना कमी झालेली असेल तर काच लागलेलीही कळत नाही. दिवाळीत फटाक्याच्या जळक्या तारा अंगणात पडलेल्या असतात. चप्पल घाला. देवी रागावणार नाही. रोज रात्री तळवे बघा, स्वतःला दिसत नसतील तर आरसा धरा.

वाशी_सुकामेवा

मी एपीएमसीत सुक्यामेव्याच्या गाळ्यावर आहे. सणात लोक खजूर-अंजीर नेतात आणि म्हणतात "शुगर फ्री लाडू करायचेत". अहो, खजुराच्या वजनात निम्म्याहून जास्त साखरच असते. गुळाचंही तेच, गूळ म्हणजे मुख्यतः साखरच. "शुगर फ्री" लिहिलेल्या डब्यामागचं बारीक अक्षर वाचा, माल्टिटॉल असेल तर त्यानेही शुगर काही प्रमाणात वाढते आणि जास्त खाल्लं तर पोट बिघडतं. बदाम, अक्रोड, भाजलेले चणे भेट द्या. माझा धंदा दोन्हीकडून होतो, म्हणून खरं तेच सांगतोय.

नेरूळ_सेक्टर१९

मी बराच वेळ नुसता वाचत होतो. लिहावं की नाही कळत नव्हतं.

मी निवृत्त आहे. पत्नी तीन वर्षांपूर्वी गेली. मुलगा मेलबर्नला. रात्री इन्सुलिन घेतो. मोगराताईंना पंगतीत सगळे बघतात याचा त्रास होतो, मला बघायला कोणी नाही याचा. सकाळ बरी जाते, ज्वेल ऑफ नवी मुंबईला तलावाभोवती फेऱ्या मारतो, चार ओळखीचे भेटतात. लक्ष्मीपूजनाची संध्याकाळ मात्र जड जाते. सगळ्या मजल्यावर दिवे, दारात रांगोळ्या, पोरांचा आवाज, आणि आपण टीव्ही लावून बसलेलो. शेजारचे प्रेमाने फराळाची ताटं देतात. मग एकट्यासाठी कुकर कोण लावणार? चिवडा आणि दोन लाडू हेच रात्रीचं जेवण होतं. कधी तेही नको वाटतं, आणि इन्सुलिन तर घेतलेलं असतं.

परिचारिका_कळवा

काका, लिहिलंत ते फार बरं केलंत.

आधी तातडीचं. इन्सुलिन आणि जेवण यांचा मेळ तुटणं हा एकट्या राहणाऱ्यांसाठी मोठा धोका आहे. जेवणाबरोबरचं इन्सुलिन असेल तर ताट समोर आल्याशिवाय घेऊ नका. रात्रीचं दीर्घकाळ काम करणारं असेल तर जेवण अनियमित होतंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. उशाशी ग्लुकोजचा डबा ठेवा. शेजारी एका विश्वासू घरात जादा किल्ली द्या आणि सांगून ठेवा, सकाळी आठपर्यंत मी दार उघडलं नाही तर या.

आणि कुकर लावावासा वाटत नसेल तर डबा लावा. सणाच्या आठवड्यापुरता तरी.

सीवूड्स_पहाटफेरी

काका, मी सीवूड्सला, तुम्ही नेरूळला, एका स्टेशनाचं अंतर. तुम्हाला व्यक्तिगत निरोप केलाय. लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे जेवायला या. आमच्याकडे त्या दिवशी भाकरी, भरली वांगी, मुगाची उसळ असते आणि एकच गोड. औपचारिकता नको. माझ्या आईला तुमच्या वयाचं माणूस बोलायला मिळालं की ती सोडत नाही, एवढी तयारी ठेवून या.

नेरूळ_सेक्टर१९

निरोप मिळाला. येतो. किल्ली आज समोरच्यांकडे दिली.

मोगरा_नौपाडा

सगळ्यांचे मनापासून आभार. मी काल जाऊबाईंना हा सगळा धागा वाचायला दिला. त्या वाचून गप्प बसल्या आणि मग म्हणाल्या, "आम्हाला वाटायचं आम्ही तुझी काळजी घेतोय." आम्ही दोघींनी काही गोष्टी ठरवल्यात, त्या सांगते, कोणाला उपयोगी पडल्या तर.

या वर्षी मला कोणी वाढायचं नाही. माझं ताट मी घेणार. माझ्या ताटाबद्दल आग्रहही नाही आणि पहाराही नाही, हे पाहुण्यांना जाऊबाई आधीच फोनवर सांगणार. मला सगळ्यांत प्रिय अनारसा, तेव्हा दिवाळीत मी अनारसाच खाणार, एक, जेवणाबरोबर, सावकाश. न आवडणारी शंकरपाळी केवळ समोर आली म्हणून तोंडात टाकायची नाही. फराळ करायलाही यंदा मी एकटी नाही. चकल्या जाऊबाईंकडे, करंज्या पुतण्या लाटणार, आणि शेव बाहेरून आणणार. जगबुडी होत नाही.

नरक चतुर्दशीच्या पहाटेचंही ठरवलंय. अभ्यंगस्नान झालं की रिकाम्या पोटी थेट लाडू-चिवडा, हे आमच्याकडे वर्षानुवर्षं चालत आलंय आणि तिथेच माझी शुगर उसळते. आधी वाटीभर मटकीची उसळ आणि दही, मग फराळ. भाजी-उसळ आधी आणि पिठाचं-गोडाचं नंतर खाल्लं की शुगर कमी चढते, हे आहारतज्ज्ञांनीही सांगितलं. आणि खाऊन झालं की सगळे पायी तलावपाळीला. राम मारुती रोडवर त्या दिवशी पोरांची गर्दी असतेच, नवे कपडे, ढोल, फोटो. तेवढ्यात माझं पंधरा-वीस मिनिटांचं चालणं होऊन जाईल.

मीटर परत बाहेर काढलंय. नवऱ्याला सांगितलंय, आकडा विचारायचा असेल तर आधी "कशी आहेस?" विचार.

राममारुती_रोड

वाचून विचारात पडलो. वडील गेले, पण आता आईला निघालीय शुगर, गेल्या वर्षी. परवा तिच्या उशीखाली बर्फीचा कागद मिळाला. मी अजून काही बोललो नाही. काय बोलावं?

मोगरा_नौपाडा

दादा, कागदाबद्दल काहीच बोलू नका. मला कोणी असं पकडलं असतं तर मी पुढच्या वेळी आणखी नीट लपवलं असतं. बर्फी तुम्हीच आणा, दोन तुकडे, एक तिला, एक तुम्हाला, आणि जेवणानंतर एकत्र बसून खा. डब्याला कुलूप नको, घरात भरलेला डबाही नको. आणि पुढच्या तपासणीला विचारा, "आई, मी सोबत येऊ का?"

परिचारिका_कळवा

मोगराताईंना +१. यात एक वैद्यकीय कारणही आहे. एचबीए१सी ही रक्ततपासणी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी असते आणि त्यात शेवटच्या महिन्याचा वाटा सुमारे निम्मा. दिवाळी संपल्या संपल्या केलेल्या तपासणीत अख्खा सणाचा काळ उतरतो. आकडा वाढलेला दिसला आणि पेशंटने "पथ्य नीट चाललंय" सांगितलं, तर डॉक्टर गोळी वाढवणार. मग सण संपतो, खाणं पूर्ववत होतं, वाढवलेली गोळी मात्र चालूच राहते आणि पहाटे शुगर उतरून आजी बाथरूममध्ये पडतात. असे पेशंट मी पाहिलेत. तेव्हा आईंना एवढंच सांगा की डॉक्टरांसमोर बर्फी लपवायची गरज नाही, आणि तपासणीला गेलात की त्यांच्याबरोबर आत बसा, पण उत्तरं त्यांनाच देऊ द्या.